पायगाडी भिंतीवर कां टांगावी?

जुन्या वस्तूंचा गौरव करण्याच्या आपल्या समाजांत दोनच रीती रूढ झालेल्या दिसतात. एक, ती वस्तु भंगारवाल्यास विकून टाकणें आणि मग तिच्या आठवणीनें उसासे टाकणें. दुसरी, तिला रंग देऊन भिंतीवर टांगणें. तिसरी रीत, म्हणजे ती वस्तु ज्या कामासाठीं निर्माण झाली त्या कामास तिला पुन्हा लावणें, ही इतकी साधी आहे कीं, ती कोणी सुचविली म्हणजे सुचविणाराच्या डोक्याविषयींच शंका घेण्यांत येते. हा अनुभव आम्हांस नुकताच आला. आणि तो केवळ आमच्यापुरता असता तर मासिकाचीं पानें त्यासाठीं खर्चीं घालण्याचें कारण नव्हतें.

गेल्या हिंवाळ्यांत आम्ही सात मंडळी एका शनिवारीं पहाटे सीताबर्डीहून निघालों, कामठी, कन्हान, मनसर या वाटेनें रामटेकास पोंचलों, रात्रीं तेथें राहिलों आणि रविवारीं परत आलों. जाऊन-येऊन शंभर किलोमीटर म्हणजे कांहीं पराक्रम नव्हे. विशेष एवढाच कीं, सातही पायगाड्या जुन्या पोलादी बांध्याच्या, सळईच्या ब्रेकांच्या, वीस किलोंच्या आसपास वजनाच्या होत्या. आणि त्यांपैकीं पांचांच्या मागच्या चाकांत तीन गतींचा हब होता. कोणाची आजोबांच्या वेळची, कोणाची जुन्या बाजारांतून घेतलेली, एक तर गोठ्यांतून बाहेर काढलेली. कन्हानच्या पुलाजवळ सायकलीस दुधाचे कॅन लावलेला एक गडी आमच्या बरोबरीस आला. त्यानें आमच्या रांगेकडे एकवार पाहिलें आणि विचारलें, "काहून जी, इतक्या जुन्या गाड्या कुठी विकाले चालल्या?" आम्ही हंसलों. परंतु परत आल्यावर शहरांतील सुशिक्षित मंडळींनीं जे आक्षेप घेतले, त्यांत त्या गड्याच्या प्रश्नांतला व्यवहार नव्हता आणि त्याचा मोकळेपणाही नव्हता. हे आक्षेप चार आहेत. त्यांचा क्रमानें परामर्श घेऊं.

तत्पूर्वीं, ज्या वाचकांस हें यंत्र ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. तीन गतींचा हब इंग्लंडांतील नॉटिंगहॅम येथें १९०२-०३ च्या सुमारास निघाला आणि स्टर्मी-आर्चर या जोडनांवानें जगभर गेला. १९३६ पासून प्रचारांत आलेल्या त्याच्या सर्वांत प्रसिद्ध जातींत, आंसावर पक्कें बसविलेलें वीस दांत्यांचें एक चाक असतें. त्याभोंवतीं वीस-वीस दांत्यांचीं लहान चाकें फिरतात. आणि या सर्वांस वेढणारें साठ दांत्यांचें एक कडें असतें. सूर्याभोंवतीं ग्रह फिरावे तशी ही रचना. मधल्या गतींत साखळीच्या चाकाचा एक फेरा म्हणजे मागच्या चाकाचाही एक फेरा. खालच्या गतींत पाऊण फेरा. वरच्या गतींत एक आणि एक-तृतीयांश. चढास पाऊण, सपाटीस एक, उतारास सव्वाहून थोडें अधिक: माणसाच्या पायांस याहून अधिक भेद क्वचितच लागतात. हें सारें यंत्र हबच्या पोटांत बंद असल्यामुळें त्यांत धूळ शिरत नाहीं, चिखल लागत नाहीं, आणि मधूनमधून तेलाचे चार थेंब मिळाले म्हणजे तें पिढ्यान् पिढ्या चालतें. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वींचा हब आज उघडला असतां आंतले दांते शाबूत आढळतात, हा आमचा स्वतःचा अनुभव आहे.

आतां पहिला आक्षेप. तो वेगवाल्यांचा आहे. ते म्हणतात, सात-आठ किलोंची कार्बनची सायकल मिळत असतां हें धूड ओढण्यांत शहाणपण तें कोणतें? नागपुरांत हा प्रश्न सहज सुचण्याजोगा आहे. याच शहराचे डॉ. अमित समर्थ यांनीं २०१७ सालीं अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारें ४,८०० किलोमीटरांची शर्यत एकट्यानें बारा दिवसांच्या आंत पुरी केली, आणि २०१८ सालीं रशियांतील सैबीरियापारची नऊ हजार किलोमीटरांहून लांब शर्यतही तडीस नेली. त्या कर्तृत्वाविषयीं आम्हांस अभिमान आहे, आणि तसल्या शर्यतीस तसलीच सायकल हवी हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु धांवण्याच्या शर्यतींत पहिला आलेला मनुष्य देवळांत प्रदक्षिणा घालतांना धांवत नाहीं. ज्या कामाचें माप वेग नव्हे त्या कामास वेगाचें माप लावणें हा तर्कदोष आहे, आणि तो विद्वानांनीं केला म्हणून गुण होत नाहीं.

या आक्षेपाचा इतिहासही मौजेचा आहे. फ्रान्सच्या सुप्रसिद्ध सायकलशर्यतीचा प्रवर्तक आंरी देग्रांज हा गति बदलण्याच्या यंत्राचा कट्टर वैरी होता. असलें यंत्र पंचेचाळिशी उलटलेल्यांनीं वापरावें, खऱ्या मर्दास एकच गति पुरे, अशा अर्थाचें त्याचें मत होतें. आणि त्या शर्यतींत गतिबदलाच्या यंत्रास १९३७ पर्यंत बंदी होती. म्हणजे ज्या पंथानें तीन गती असणें हा एके काळीं दुबळेपणा ठरविला, त्याच पंथाचे आजचे अनुयायी वीस-बावीस गतींवर बसून, तीनच गती असणें हा दुबळेपणा ठरवितात. अशा धरसोडीच्या शास्त्रापुढें मान कां तुकवावी, हें आम्हांस समजत नाहीं.

आणि रामटेकाच्या वाटेवर तरी वेगाची प्रौढी कोणी सांगूं नये. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं रामटेक हाच कालिदासाचा रामगिरि असें प्रतिपादन केलें. तें मत मान्य केलें तर मेघदूतांतील प्रवासाचा आरंभ याच टेंकडीवरून होतो. त्या काव्यांतील यक्षाची अवस्था पाहा. प्रिया दूर, शापाचे दिवस सरतां सरत नाहींत, निरोप तांतडीचा. आणि तरीही तो मेघास काय सांगतो? थकलास तर डोंगरांवर टेक, क्षीण झालास तर नद्यांचें पाणी पी, आणि उज्जयिनी वाटेंत नसली तरी वाट वांकडी करून ती पाहूनच पुढें जा. विरहानें व्याकुळ झालेल्या यक्षास जी सबूर सुचली, ती रविवारच्या सुटींत सहलीस निघालेल्या मनुष्यास सुचूं नये, हें काळाचें लक्षण म्हणावें काय? मनसरच्या टेंकडीवर वाकाटककालीन विटांचे अवशेष उत्खननांत निघाले आहेत. ताशीं तीस-पस्तीस किलोमीटरांच्या वेगानें, मनगटावरच्या आंकड्यांकडे पाहत जाणाऱ्यांस ते दिसावयाचे नाहींत. आम्ही ताशीं बारा किलोमीटरांनीं गेलों, कामठीस तर्रीपोहे खाल्ले, मनसरास तास-दीड तास घालविला आणि दुपार कलतां रामटेकास पोंचलों. यांत आमचें काय बुडालें?

दुसरा आक्षेप पुराणवस्तुप्रेमी गृहस्थांचा आहे. ते म्हणतात, इतकी जुनी वस्तु रस्त्यावर काढून तुम्ही तिची झीज करितां. तिचें स्थान संग्रहालयांत आहे. संग्रहालयांस आमचा विरोध नाहीं. पुण्यास कर्वेनगरांत जुन्या सायकलींचें एक संग्रहालय आहे, तें पाहण्याजोगें आहे आणि वाचकांनीं तें अवश्य पाहावें. परंतु उभी राहिलेली सायकल अधिक टिकते हा समज खोटा आहे. उभ्या गाडीचे टायर तडकतात, हबांतलें तेल डिंकासारखें घट्ट होतें, सळयांचे सांधे गंजून धरतात. याहून मोठी गोष्ट अशी कीं, संग्रहालयांत यंत्र राहतें, पण यंत्र दुरुस्त करणारा हात राहत नाहीं. मनसरच्या अलीकडे आमच्यांतील एकाची गाडी वरच्या गतींत घेतां घेतां पाय एकदम रिकाम्यांत जाऊं लागला. रस्त्याच्या कडेला निंबाखालीं बसलेल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनें गाडी उचलून पेडल दोनदां फिरविलें, कान लावला, आणि म्हणाला, "तार ढिली हाय जी, दुसरी न् तिसरीच्या मधात अडकते." हबांतून बाहेर येणाऱ्या बारीक सांखळीचा पेंच त्यानें दोन आटे फिरविला आणि काम संपलें. पुस्तकांत पाहिलें तर हेंच निदान सांपडतें: या जातीच्या हबांत दुसऱ्या आणि तिसऱ्या गतीच्या मध्यें एक पोकळ जागा असते आणि तार नीट ताणलेली नसली कीं जोर तेथें वायां जातो. त्या मिस्त्रीनें पुस्तक वाचलेलें नव्हतें. तुमच्यामागें हें काम कोण करील, असें विचारतां तो म्हणाला, मुलगा मोटारसायकलीच्या कामावर आहे, त्याला हें येत नाहीं, आणि शिकून करणार काय? या प्रश्नाचें उत्तर कोणत्याही संग्रहालयापाशीं नाहीं. रस्त्यावर गाडी असेल तर त्या हातास काम मिळेल, आणि काम मिळेल तर कदाचित् कोणी शिकेल.

तिसरा आक्षेप स्वदेशाभिमान्यांचा. हीं सारीं यंत्रें साहेबाचीं, यांचा उत्सव करणें म्हणजे साहेबाच्या राज्याचे उसासे टाकणें, असें एका विद्वान् स्नेह्यांनीं आम्हांस सुनावलें. या आक्षेपांत सत्याचा अंश आहे, तो प्रथम पदरीं घेतों. परदेशांत अशा सफरी निघतात तेथें लोकरी कोट, गळपट्टे आणि चहाच्या किटल्या यांचा थाट असतो. अमेरिकेंत मिसिसिपी नदीवरील पेपिन सरोवराभोंवतीं तीन गतींच्या सायकलींची जी दोन दिवसांची फेरी २००३ सालीं सुरू झाली, तींतही वाटेंत थांबून चहा उकळण्याचें मोठें प्रस्थ. त्यांच्या देशांत तें शोभत असेल. नागपुरांत कोणी लोकरी कोट घालून त्याची नक्कल करूं लागला तर तो हास्यास्पद होईल, आणि व्हावा. शिवाय तीन गतींची गाडी आपल्याकडे नेहमीं थोड्यांपाशींच होती. बहुतांची गाडी म्हणजे एकाच गतीची, काळी, जड गाडी, हेंही खरें.

परंतु वस्तु कोणी घडविली एवढ्यावरून ती कोणाची हें ठरत नाहीं. ती कोणीं वापरली यावरून ठरतें. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजीं, व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केलें त्या दिवशीं, जमशेदजी टाटांनीं सुरू केली आणि नांवही त्या सम्राज्ञीवरून ठेविलें. म्हणून काय त्या मिलचा भोंगा ऐकून धांवणारे कामगार राणीचे झाले? कापूस वऱ्हाड-नागपूरचा, घाम येथल्या माणसांचा. ती मिल २००२ सालीं बंद झाली. नांव राणीचें होतें म्हणून तिच्याविषयीं कोणी नागपूरकरानें हळहळ वाटून घेतली नाहीं असें झालें नाहीं. सायकलीचेंही तसेंच. १९२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे ती पुरी करून १९२८ च्या मार्चांत परतले. त्यांच्या पायांखालचें पोलाद परदेशीं होतें म्हणून त्यांची प्रदक्षिणाही परदेशीं ठरत नाहीं. आणि पुढें सायकल येथेंच होऊं लागली: आसनसोलास सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरास हर्क्युलिस, सोनिपतास अ‍ॅटलस, लुधियानास हिरो. ज्यास 'साहेबाचें यंत्र' म्हणतात त्या हबची मूळ कल्पनाही मुख्यतः विल्यम रायली नांवाच्या एका कारागिराची. जोडनांवांत मात्र दुसरेच दोघे अमर झाले. कारागिराचें नांव पुसलें जाणें हा प्रकार साहेबाच्या देशांतही होता, एवढाच बोध आम्ही त्यांतून घेतों. आणि खुद्द हा कारखानाही २००० सालीं तैवानच्या मालकांकडे गेला. ज्या साम्राज्याची भीति आमच्या स्नेह्यांस वाटते, त्याच्या खुणाही नॉटिंगहॅमांत उरल्या नाहींत.

आतां चौथा आक्षेप. आणि हाच आम्हांस खरा बोंचला. एका तरुण शिक्षकानें तो घेतला. तो म्हणाला, "तुम्हांस जी सायकल शनिवारची मौज आहे, ती दुसऱ्या कोणास सोमवारची सक्ती आहे. गरिबाच्या गरजेचा तुम्ही खेळ मांडला आहे." या वाक्यानें आम्हांस रात्रभर झोंप येऊं दिली नाहीं. कारण रामटेकाकडे ज्या वाटेनें आम्ही गेलों, ती मनसरास ज्या राष्ट्रीय महामार्गास मिळते, त्याच महामार्गानें २०२० च्या मे महिन्यांत, टाळेबंदीच्या दिवसांत, दक्षिणेकडून आलेले मजूर नागपुरावरून उत्तरेकडे गेले: बहुतेक पायीं, कांहीं मिळेल त्या वाहनांतून, आणि कांहीं सायकलींवरून. त्यांच्या गाड्यांस तीन गती नव्हत्या, आणि त्यांना शनिवार-रविवार नव्हता. वैशाखांतील नागपूरचें ऊन ज्यांस ठाऊक आहे त्यांस अधिक सांगावयास नको. त्याच वर्षीं ३ जून रोजीं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांनीं जागतिक सायकलदिन म्हणून ठरविलेल्या दिवशींच, अ‍ॅटलस कंपनीचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना बंद पडला. ज्या वाहनानें मजुरास घरीं पोंचविलें, तें वाहन करणारा मजूर त्याच उन्हाळ्यांत घरीं बसला.

तरीही या आक्षेपाचा निष्कर्ष आम्हांस मान्य नाहीं. गरीब मनुष्य जें वापरतो तें इतरांनीं हातीं धरूं नये, या न्यायानें सायकल गरिबीची खूण म्हणूनच राहील. आणि गरिबीच्या खुणेस कोणतेंही शहर रस्त्यांत जागा देत नाहीं. २०११ च्या जनगणनेप्रमाणें या देशांतील शंभरांपैकीं सुमारें पंचेचाळीस कुटुंबांपाशीं सायकल होती. इतक्यांच्या वाहनासाठीं आमच्या शहरानें काय केलें? वर्धा रस्त्यावरचा ३.१४ किलोमीटरांचा दुमजली पूल २०२२ सालीं जागतिक विक्रम म्हणून नोंदला गेला. त्यावरून पायगाडीवाल्यानें जावें अशी कोणाची अपेक्षाही नाहीं. २०२० सालीं केंद्र सरकारनें शहरांसाठीं सायकलींची जी स्पर्धा मांडली, तींत पुढें निवडलेल्या अकरा शहरांत नागपूर होतें हें खरें. पण दुधाचे कॅन लावून कन्हानकडून येणाऱ्या त्या गड्यास त्या निवडीचा स्पर्श झालेला आम्हांस दिसला नाहीं. ट्रक जवळून गेला कीं तो आजही मातींत उतरतो. आम्हीही त्या दिवशीं उतरलों. किती वेळां, तें मोजणें आम्हीं सोडून दिलें. मोटारींतून रामटेकास शेंकडों वेळां जाऊनही जें आमच्या ध्यानांत आलें नव्हतें, तें एका शनिवारीं आलें.

येथेंच या सफरींचें समर्थन आहे. इटलींतील तोस्काना प्रांतांत १९९७ सालीं कांहीं हौशी लोकांनीं जुन्या शर्यतीच्या सायकलींची एक फेरी काढली. तिच्यामागें तेथील पांढऱ्या मातीचे जुने रस्ते डांबराखालीं जाऊं नयेत हा हेतु होता. हौसेनें लोक जमले, लोकांमुळें रस्त्यांकडे लक्ष गेलें, आणि ते रस्ते आज त्या प्रांताचें भूषण झाले आहेत. हौसेला हेतूची जोड मिळाली म्हणजे काय होतें, त्याचें हें उदाहरण. तरुण शिक्षकाचा आक्षेप आमच्या सफरीस लागू पडतो कीं नाहीं, हें सफर संपल्यावर आम्ही काय करतों त्यावर अवलंबून आहे. छायाचित्रें काढून गाडी परत भिंतीवर टांगली, तर त्याचा शब्द न् शब्द खरा.

म्हणून अशी सफर जो कोणी काढील त्यानें चार गोष्टी पाळाव्या असें आम्ही सुचवितों. वेषांतर करूं नये. एका गतीची काळी गाडी घेऊन येणारास तीन गतींवाल्याइतकाच मान द्यावा. मोडतोड झाल्यास वाटेवरच्या मिस्त्रीकडेच जावें, आणि त्यास मोटारीच्या कारागिराइतका मोबदला द्यावा. त्यानें कमी मागितला तरी. आणि परत आल्यावर, त्या वाटेवर रोज सायकल चालविणारांसाठीं कडेची पट्टी, दिवे आणि ओलांडण्याची जागा मिळावी म्हणून नांवानिशीं अर्ज करावा, आणि उत्तर येईपर्यंत तो सोडूं नये. यांपैकीं चवथी गोष्ट सर्वांत कंटाळवाणी आहे. तिजवांचून पहिल्या तीन केवळ शोभेच्या ठरतात.

ज्यांच्या घरीं जुनी पायगाडी भिंतीवर, माळ्यावर किंवा जिन्याखालीं पडली असेल त्यांनीं ती खालीं उतरवावी, हबच्या टोपणांतून तेल सोडावें, टायर बदलावे आणि रस्त्यावर आणावी. कन्हानच्या पुलावर त्या गड्यानें विचारलेल्या प्रश्नास, गाड्या विकावयास काढलेल्या नाहींत, एवढें उत्तर आम्हीं तेव्हांच दिलें. पुढच्या खेपेस तो भेटला आणि मग कशास काढल्या म्हणून विचारता झाला, तर त्यास दाखविण्यासाठीं आमच्यापाशीं निदान अर्जाची पोंच असावी, एवढ्यासाठीं सातही जणांनीं सह्या केल्या आहेत. पोंच मिळाली आहे. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.